बद्द वाजलेला शब्द

मागच्या महिन्यात लेक सायन्सच्या ओरलसाठी पाठांतर करत बसली होती. मी पोळ्या करत होते, हात कणकेत, आणि ती ओट्याशेजारच्या खुर्चीत पाय वर घेऊन एका लयीत म्हणत होती, मेटल्स आर लस्ट्रस, मॅलिएबल, डक्टाइल अँड सॉनरस. सॉनरस. मी लाटणं थांबवून म्हटलं, परत म्हण. ती म्हणाली काय झालं, चुकलं का? नाही गं, चुकलं नाही, बरोबर आहे. तव्यावरची पोळी मात्र करपली.

हा शब्द माझ्या तोंडून जवळपास चोवीस वर्षं निघालेला नव्हता.

मी मनमाडची. आमच्या शाळेत घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा, व्हरांड्याच्या वाशाला तारेने टांगलेला, आणि शिपाईमामा लोखंडी गजाने त्यावर टोले द्यायचे. मनमाडसारख्या जंक्शनच्या गावात रुळाचा तुकडा मिळणं काही अवघड नव्हतं, पण तो आवाज असा होता की गावाच्या पार टोकाला राहणाऱ्या मुलींनाही कळायचं शाळा सुटली. विज्ञानाच्या मराठी पुस्तकात धातूंच्या गुणधर्मात 'नादमयता' असा शब्द होता आणि बाईंनी तो शिकवताना फळ्याकडे न जाता सरळ बाहेर बोट दाखवलं होतं, तो रूळ, ती नादमयता, लाकडाच्या ओंडक्यावर मारून बघा येतो का तसा आवाज. एवढं पक्कं डोक्यात बसलेलं दुसरं काहीच मला शाळेतलं आठवत नाही.

मग अकरावीला नाशिकला आले. इंग्रजीच्या तासाला सर एकेकाला उभं करून उतारा वाचायला लावायचे, माझ्या वाट्याला आलेल्या उताऱ्यात कुणाच्या तरी आवाजाचं वर्णन होतं आणि त्यात हा शब्द. मी तो तोपर्यंत फक्त डोळ्यांनी पाहिलेला, गाइडमध्ये, नादमयतेच्या शेजारी. sonorous, स्पेलिंगमध्ये दिसत होतं तसं वाचलं, सोनोरस, 'नो'वर जरा दाबून. सर म्हणाले, सोनोरस? हे कुठलं नवीन सरबत? वर्ग हसला. मग त्यांनी सांगितलं, सॉनरस, आणि तीनदा म्हणायला लावलं. बस एवढंच. सर वाईट नव्हते, पुढे त्यांनी मला लायब्ररीतून पुस्तकंही काढून दिली, पण मराठी मीडियममधून आलेल्या मुलीला वर्गातलं ते हसू किती खोल जातं हे ज्याला लागलंय त्यालाच कळतं. त्या दिवसापासून मी तो शब्द टाकला. बोलताना यायची वेळ आली की 'डीप' म्हणायचं, 'रिच' म्हणायचं. आमच्या आजीची भाषा वापरायची तर तो शब्द माझ्यासाठी बद्द वाजला आणि मी तो बाजूला ठेवून दिला.

आजीचं हे बद्द आणि खणखणीत नीट सांगायला हवं, कारण या इंग्रजी शब्दाचा अर्थ मला शेवटी त्यातूनच लागला. आजी बाजारात माठ घ्यायला गेली की माठाकडे बघायचीच नाही आधी. बोटाच्या पेराने टकटक करायची आणि मान तिरकी करून ऐकायची. बद्द वाजलं की पुढचा. वरून माठ कितीही गुळगुळीत असो, आत कुठेतरी तडा असणार, भाजणीत कच्चा राहिला असणार. खणखणीत वाजला की मग भाव विचारायचा. तिच्या तरुणपणी लोक चांदीचा रुपयाही असाच दगडावर आपटून बघायचे म्हणे, खोटं नाणं बद्द वाजायचं, त्यावरूनच आपण माणसालाही खणखणीत नाणं म्हणतो. म्हणजे आवाज हा नुसता आवाज नाही, ती वस्तूच्या आतली खबर आहे. डोळ्याला न दिसणारी चीर कानाला ऐकू येते.

सोनोरसचा मूळचा अर्थ हाच, आघात झाल्यावर जे भरून वाजतं ते. घंटा, थाळी, तंबोऱ्याचा भोपळा. नुसतं मोठ्याने वाजणं नव्हे हं, इथे बरेच जण गफलत करतात आणि त्याचा अर्थ 'मोठा आवाज' असा करून मोकळे होतात. डीजेच्या भिंती मोठ्या असतात, सोनोरस नसतात. सोनोरस आवाजाला खोली पाहिजे, भरणा पाहिजे, आणि आघात संपल्यावरही थोडं रेंगाळणं पाहिजे. त्यावरूनच पुढे माणसाच्या आवाजाला हा शब्द लागला, छातीतून येणारा, भरदार, सावकाश. आणि तिथून भाषेलाही लागला, म्हणजे मोठमोठे घुमणारे शब्द घातलेलं भाषण किंवा गद्य. या तिसऱ्या अर्थात कधी कौतुक असतं तर कधी नुसताच घुमतोय, आत काही नाही, असाही सूर असतो, मागचंपुढचं वाचल्याशिवाय कळत नाही.

मी आता भाषांतराची कामं करते, इंग्रजीतून मराठीत. तीन वर्षांपूर्वी एका मजकुरात एका म्हाताऱ्या न्यायाधीशाच्या आवाजाला हे विशेषण होतं आणि मी दोन दिवस अडकून बसले. धीरगंभीर म्हणावं तर त्यात स्वभाव येतो, आवाज मागे पडतो. भारदस्त म्हटलं की रुबाब येतो. खणखणीत म्हणावं तर खणखणीतमध्ये टणकपणा आहे, धार आहे, शाळेतल्या पीटीच्या सरांचा आवाज खणखणीत असतो, खोल नसतो. पहाडी आवाज वेगळाच, तो वर चढतो, दरी ओलांडून जातो. नादमय म्हटलं की कविता आठवते. खर्जातला आवाज हे सगळ्यात जवळचं वाटलं, आणि खर्ज हा शब्द मला आवडतोही फार, षड्जाचाच तो घासून घासून झालेला बोलीतला अवतार, 'ष'चा 'ख' झालेला, पण खर्ज म्हणजे खालची पट्टी, आणि खालच्या पट्टीतला आवाज बसका किंवा घोगराही असू शकतो. शेवटी मी 'भरून येणारा खर्ज' असं काहीतरी लिहिलं. अजूनही समाधान नाही. मराठीत आवाजाला किती शब्द आहेत, किनरा, चिरका, घोगरा, बसका, कापरा, पिचका, मंजुळ, आणि तरी नेमका हवा तो मिळत नाही, याचं मला त्या दोन दिवसांत खूप वाईट वाटलं.

पण त्या अडकण्यामुळेच मी डिक्शनरी उघडली आणि पहिल्यांदा त्या शब्दाच्या उच्चाराकडे नीट बघितलं. तिथे दोन उच्चार दिलेले होते. एक सॉनरस, जोर सुरुवातीला. आणि दुसरा सनोऽरस, जोर मधल्या 'नो'वर. मी दुसरी डिक्शनरी उघडली, अमेरिकन, तिथे तर मधल्या जोराचा उच्चार आधी दिलेला. ब्रिटिशांकडे सॉनरस जास्त चालतं, पण दुसराही त्यांनी टाकलेला नाही. मी स्क्रीनकडे बघत बसले. माझा अकरावीतला उच्चार हुबेहूब तसा नव्हता, पहिलं अक्षर मी पूर्ण 'सो' म्हटलं होतं आणि इंग्रजीत जोर नसलेलं अक्षर पुसट होतं, 'स'च्या जवळ जातं, आपण मराठीवाले सगळी अक्षरं सारख्याच इमानदारीने उच्चारतो त्यामुळे ते आपल्याला जमत नाही. पण जोर मी दिला होता तो 'नो'वरच. आणि ते चूक नव्हतं.

नुसतं चूक नव्हतं एवढंच नाही, ते जुनं होतं. हा शब्द इंग्रजीत आला सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, लॅटिनमधल्या 'सोनोरुस'वरून. लॅटिनमध्ये जोर कुठे द्यायचा याचा नियम आपल्याला पटकन कळेल असा आहे, कारण आपण शाळेत यमाताराजभानसलगा घोकलेलं असतं. शेवटून दुसरं अक्षर गुरू असेल तर जोर त्याच्यावर, लघू असेल तर एक पाऊल मागे, शेवटून तिसऱ्यावर. सोनोरुसमध्ये पहिला 'सो' ऱ्हस्व आणि मधला 'नो' दीर्घ, म्हणजे गुरू. म्हणून जोर 'नो'वर. इंग्रजांनी शब्द घेतला तसा जोरही घेतला.

आणि याला आधार छंदातही सापडतो. इंग्रज कवी मिल्टनच्या 'पॅराडाइज लॉस्ट'मध्ये, १६६७ सालच्या, पहिल्याच सर्गात सैन्याच्या रणवाद्यांची ओळ आहे, सनोरस मेटल ब्लोइंग मार्शल साउंड्स. या काव्याची चाल लघु-गुरू लघु-गुरू अशी पाच वेळा. बोटाने टेबलावर ठेका धरून म्हणून बघा, स-नो, रस-मे, टल-ब्लो, इंग-मार, शल-साउंड्स. ओळ सरळ चालते. आता तिथे सॉनरस घालून बघा, पहिल्याच पावलाला ठेच लागते. कवी कधीकधी मुद्दाम पहिला ठेका उलटा टाकतात हे खरं, आणि तसा टाकला तर सॉनरसही त्या ओळीत बसतं, म्हणून हा पक्का पुरावा नव्हे, पण सरळ चाल 'नो'वरच्या जोराचीच. मी रात्री साडेअकराला स्वयंपाकघरातल्या टेबलावर बोटांनी ही ओळ वाजवत होते आणि मला रडू येत होतं, खरंच. आणि बघा ना, त्या ओळीतही हा शब्द धातूच्याच शेजारी उभा आहे, आमच्या विज्ञानाच्या पुस्तकात होता तसाच.

मग सॉनरस कुठून आलं? तर संगतीने. इंग्रजीत ह्यूमरस आहे, व्हिगरस आहे, रिगरस, क्लॅमरस, सगळे पहिल्या अक्षरावर जोर देणारे, दिसायला सगळे एकाच घरातले, त्यांच्या पंगतीत बसून बसून हाही त्यांच्यासारखा बोलायला लागला. डेकरस नावाच्या शब्दाचंही हेच झालं, त्याचाही जोर पूर्वी मधे होता. यात वाईट काही नाही, भाषा अशीच चालते, आपल्याकडेही शब्द शेजाऱ्यांचं बघून बदलतात. सर जे सांगत होते ते चांगलंच होतं, चालू होतं. फक्त दुसरंही होतं, ते त्यांना कुणी सांगितलं नसणार.

आता मुळाकडे जाते, कारण मला सगळ्यात जास्त आनंद तिथे झाला. लॅटिन 'सोनुस' म्हणजे आवाज. त्यावरून इंग्रजीत पूर्ण खटलं आलंय, सोनाटा, सॉनेट, युनिसन, रेझोनन्स, डिसोनन्स, आणि कॉन्सोनंट म्हणजे आपलं व्यंजन, ज्याला स्वराच्या सोबतीनेच वाजता येतं ते. आवाजाचा साउंडही तिथलाच, त्याच्या शेवटचा 'ड' नंतर चिकटलेला, मुळात नव्हता. तर या सोनुसचा सख्खा भाऊ संस्कृतमध्ये आहे, स्वन. अमरकोशात आवाजाला जे शब्द दिलेत, निनाद, ध्वनी, रव वगैरे, त्यांच्या रांगेत स्वन आहे, निस्वन आहे. भाषेतल्या ध्वनींसाठीचे स्वन, स्वनिम हे शब्द भाषाशास्त्र शिकलेल्यांना रोजचे. मला बीएला भाषाविज्ञानाचा एक पेपर होता, वर्षभर मी स्वनिम, स्वनिम लिहीत होते, आणि ज्या शब्दाला मी घाबरून होते त्याच्याच घरात राहत होते, पत्ता नव्हता.

आणि हे नुसतं आवाज सारखा लागतो म्हणून जुळवलेलं नाही. संस्कृतात जिथे 'स्व' आहे तिथे लॅटिनमध्ये 'सो' सापडतं अशा आणखी जोड्या आहेत. स्वप्न, तर तिकडे झोपेला सोम्नुस. स्वसृ म्हणजे बहीण, तर तिकडे सोरोर. तसंच स्वन आणि सोनुस. इथे एक सांगते, कारण अशा जोड्या दिसल्या की लगेच लोक म्हणतात बघा, सगळं संस्कृतातूनच गेलं. तसं नाही. संस्कृत ही लॅटिनची आई नाही, दोघी बहिणी आहेत, त्यांची आई त्याहून जुनी, तिचं लिहिलेलं एक अक्षरही मागे राहिलेलं नाही, अभ्यासकांनी लेकींच्या चेहऱ्यावरून आईचा चेहरा अंदाजाने काढलाय. मला आई असण्यापेक्षा बहीण असणं जास्त आवडलं. इंग्रजीतला राजहंस, तो स्वान, तोही बहुतेक याच मुळातला, वाजणारा, गाणारा पक्षी म्हणून.

गेल्या पावसाळ्यात बाबांना छातीत कफ होऊन अ‍ॅडमिट करावं लागलं. राउंडला एक तरुण डॉक्टर मुलगी यायची, तिने बाबांच्या पाठीला स्टेथो लावला, डोळे मिटून ऐकलं आणि सोबतच्या मुलाला म्हणाली, सनोरस राँकाय, दोन्हीकडे. जोर 'नो'वर, अगदी सहज. मी त्या काळजीतही दचकले. नंतर कॉरिडॉरमध्ये तिला गाठून विचारलं तर तिला वाटलं मी घाबरलेय, तिने शांतपणे समजावलं की मोठ्या श्वासनळ्यांत बेडका साठला की त्यातून हवा जाताना घोरल्यासारखा खालच्या पट्टीतला आवाज येतो, खोकला काढला की बऱ्याचदा बदलतो किंवा जातोही, त्याला सनोरस म्हणतात, आणि शीळ घातल्यासारखा बारीक येतो त्याला सिबिलंट. ही नावं पडली ती थेट स्टेथोस्कोप शोधणाऱ्या लाएनेकपासून. त्याने १८१६ साली पॅरिसमध्ये एका रुग्ण बाईच्या छातीला कान लावायचा संकोच वाटला म्हणून कागदाची सुरळी करून लावली आणि आवाज जास्तच स्वच्छ आला, मग तीन वर्षांनी त्याने छातीतल्या आवाजांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात त्याने या आवाजाची तुलना घोरण्याशी केलीय, आणि होला पक्ष्याच्या घुमण्याशीही. आजारी माणसाची छाती ऐकताना ज्याला होला आठवतो तो माणूस किती लक्ष देऊन ऐकत असेल! आजी माठ ऐकायची तसंच की हे. आतलं दिसत नाही, मग वाजवून, ऐकून ओळखायचं.

बाबा नऊ दिवसांनी घरी आले. येताना त्यांनीच हट्ट केला की पंचवटीतून जाऊ, नदी बघायचीय. तिथे गोदावरीकाठी नारोशंकराचं देऊळ आहे, १७४७ सालचं, आणि त्याच्या वेशीवरची घंटा नाशिककरांना नवीन नाही. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली तेव्हा चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून इकडे आल्या आणि देवळांत लागल्या. एक इथे, एक वाईजवळ मेणवलीला, एक भीमाशंकरला. मी शिकायला असताना या देवळावरून रोज जायचे पण घंटेकडे देव म्हणून बघायचे, वस्तू म्हणून कधी नाही. आता गाडीत बसून बघितलं तर आकार चर्चच्या घंटेचा, आपल्या देवळातल्या घंटेपेक्षा वेगळा. अशा युरोपीय घंटेवर टोला पडला की एक सूर निघत नाही, सुरांचा घोळका निघतो. खाली एक लांब चालणारा गुंजारव, वर टोल्याचा सूर, आणि त्याच्याही थोडा वर एक असा की टोल्याचा सूर सा धरला तर ज्याला आपण कोमल गंधार म्हणू. घंटा आनंदाने वाजवली तरी तिच्यात थोडं उदास काहीतरी ऐकू येतं ते या कोमल गंधारामुळे. मला हे वाचून कळलं तेव्हा वाटलं, बरोबर, शाळा सुटल्याच्या टोल्यातही ते असायचं का? पण तो तर रूळ होता, रुळाचं गणित वेगळं.

घंटेचा धातू म्हणजे कासं. साधारण चार भाग तांबं आणि एक भाग कथील. कथलामुळे धातू कडक होतो, ठिसूळही होतो, पण आतल्या आत कंप खाऊन टाकत नाही, बाहेर सोडून देतो, म्हणून वाजत राहतो. शिसं नेमकं उलट, मऊ, सगळं गिळून बसतं, धातू असूनही बद्द. लेकीला हे सांगितलं तर तिचा प्रश्न, मग ओरलला मेटल्स आर सॉनरस म्हणायचं की एक्सेप्ट लेड म्हणायचं? आणि सॉनरस म्हणू की तू म्हणतेस तसं?

मी तिला मिल्टनची ओळ टेबलावर वाजवून दाखवली. तिने दोन्ही म्हणून बघितले, चार-चार वेळा, मोठ्याने. मग मीही म्हटलं. सनोरस. चोवीस वर्षांनी. बाहेरच्या खोलीतून बाबा म्हणाले, काय चाललंय गं तुमचं?

त्यांना सांगितल्यावर ते उठले आणि माळ्यावरची आजीची पेटी काढायला लावली. त्यात फडक्यात गुंडाळलेलं तिचं काशाचं ताट आणि एक वाटी. बाबांनी ताट तीन बोटांवर तोललं, धातूला हात लागला की आवाज मरतो म्हणून, आणि लेकीला म्हणाले, चमच्याने मार, हळू. तिने मारलं. बद्द.

परत मारलं. परत बद्द. बाबांनी ताट खिडकीशी नेलं, काठावरून अंगठा फिरवत गेले, आणि एका जागी थांबले. केसाएवढी चीर होती. आजीच्या हयातीत होती की नंतर पडली कोण जाणे, एवढी वर्षं कुणाच्या डोळ्याला दिसली नव्हती. त्यांनी काही न बोलता ताट परत फडक्यात गुंडाळलं आणि वाटी तळहातावर ठेवली, मग आठवून बोटांच्या टोकांवर घेतली. लेकीने चमचा लावला आणि आम्ही तिघंही गप्प बसून ऐकत होतो, गॅसवर कुकरची शिट्टी होईपर्यंत.